भूमध्य समुद्रात डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंग: माल्टा, ग्रीस, इटली की स्पेन?

निळाई
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दक्षिण युरोपात जायचं ठरतंय. हाताशी दहा-बारा दिवस आहेत. माणसं चार आणि चौघांच्या चार तऱ्हा! नवऱ्याने अंदमानात डायव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स केलाय, त्याला पाठीवर सिलिंडर बांधून खाली जायचंय. मला स्नॉर्कलिंग आवडतं, पाण्यावर पालथी पडून कितीही वेळ राहू शकते. लेक ११ वर्षांची, पोहायला पक्की, तिला दोन्ही करून बघायचंय. सासूबाई ६८ वर्षांच्या. त्या पाय भिजवण्यापलीकडे जाणार नाहीत, पण जुनी देवळं, बाजार, माणसं बघायला त्यांना मनापासून आवडतं. आम्ही पाण्यात आणि सासूबाई हॉटेलच्या खोलीत, असं मला अजिबात नकोय.

डोक्यात चार जागा आहेत: माल्टा, ग्रीसची बेटं, नेपल्स आणि स्पेनचा कोस्टा ब्रावा किनारा. एकाच ठिकाणी मुक्काम ठोकावा की दोन जागा कराव्यात? पाणी कितपत गार असतं? मासे दिसतात का? सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. जे जाऊन आलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

शंकासुर
वाचतोय. चौघांत सासूबाईंचाच कार्यक्रम सगळ्यात सोपा दिसतोय.

भटकभवानी
@निळाई, जागा कुठलीही घे, पण नवऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेव. अंदमानात पाहिलेली रंगीत प्रवाळं आणि माशांचे थवे तिथे मिळणार नाहीत. भूमध्य समुद्रात उष्णकटिबंधातल्यासारखे प्रवाळखडक नाहीत. पाण्यात पोषकद्रव्यं कमी, म्हणून प्लवक कमी, आणि म्हणूनच पाणी इतकं स्वच्छ. वीस-पंचवीस मीटरवरचं सहज दिसतं, चांगल्या दिवशी त्याहून लांबचं. बघायचं असतं ते खडकांचं बांधकाम: कमानी, गुहा, बोगदे, सरळ खाली जाणारे कडे, आणि वरून तिरपा येणारा उजेड. शिवाय बुडालेली जहाजं आणि दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष. मला स्वतःला हे प्रवाळांइतकंच आवडतं, पण जो मासे मोजायला जातो तो खट्टू होऊन परततो.

मालवणी_तडका
काय गो बाय, आमचो मालवणचो दर्या टाकून खंय चललंस?
गंमत सोडा, पण मुद्दा खरा आहे. एवढे युरो खर्चून कमी मासे बघायला का जायचं? तारकर्ली आहे, सिंधुदुर्ग किल्ल्यालगत स्नॉर्कलिंग आहे, खाली कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, ते आपल्याच लोकांनी धड पाहिलेलं नाही.

भटकभवानी
@मालवणी_तडका, दादा, तारकर्लीवर माझाही जीव आहे, पण सप्टेंबरात तिथलं डायव्हिंग पावसाळ्यामुळे बंद असतं. उलट मी म्हणेन की लेकीला एप्रिल-मेमध्ये तारकर्लीला घेऊन जा. एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, तिथे पोहण्याच्या तलावात सराव करता येतो. मास्कमध्ये पाणी शिरलं की न घाबरता ते बाहेर कसं काढायचं, एवढं जमलं तरी माल्टात पहिल्या दिवशी रडारड होत नाही.

मालवणी_तडका
ह्या पटला. आणि किल्ल्यावर सासूबाईंका पण घेवन जावा.

गोझोकर
कामानिमित्त माल्टात राहतो, सुट्टीचे दिवस बहुतेक गोझोत जातात. म्हणून गोझोची बाजू मांडतो आणि ती पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

गोझो हे माल्टाच्या वायव्येचं छोटं बेट. माल्टातल्या चिर्केव्वा बंदरातून फेरीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. तुमच्यासारख्या कुटुंबाला त्याचा मोठा फायदा असा की इथलं बहुतेक डायव्हिंग किनाऱ्यावरून होतं. बोटीवर सकाळी एकजण गेला आणि बाकीचे धक्क्यावर वाट बघत बसले, असं होत नाही. नवरा ज्या खाडीतून आत उतरतो तिथेच तुम्ही आणि लेक स्नॉर्कलिंग करता, आणि सासूबाई काठावरच्या उपाहारगृहात सावलीत बसतात. श्लेंदीची खाडी यासाठी आदर्श. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये निवांत पाणी, खाली पोसिडोनिया या समुद्री गवताची कुरणं. होंडोक इर-रुम्मिएनचा किनाराही मुलांसाठी चांगला.

नवऱ्याचं मुख्य आकर्षण असेल द्वेयरा. तिथलं ब्लू होल म्हणजे चुनखडीच्या खडकात समुद्राने कोरलेली, साधारण १५ मीटर खोल विहीर. आत उतरायचं आणि पाण्याखालच्या कमानीतून बाहेर मोकळ्या समुद्रात निघायचं. शेजारी उभी असलेली प्रसिद्ध अझूर विंडो ही नैसर्गिक कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. तिचे प्रचंड शिलाखंड आता पाण्याखाली पडलेत आणि त्यांच्यामधून डायव्ह करतात. मात्र गाडीतळापासून पाण्यापर्यंत धारदार खडकांवरून सगळं सामान अंगावर घेऊन चालावं लागतं. जाड तळाचे बूट हवेतच.

तिथेच इनलँड सी नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, कड्यातल्या बोगद्याने समुद्राला जोडलेलं. समुद्र शांत असला की लहान बोटी त्या बोगद्यातून बाहेर फिरवून आणतात. सासूबाईंना यात जरूर बसवा. आणि गोझोतलंच गगांतिया! इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचं दगडी मंदिर, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं. देवळांची आवड आहे म्हणालात ना? याहून जुनं देऊळ त्यांना आणखी कुठे दाखवणार!

इंग्रजी इथे अधिकृत भाषा आहे आणि वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेणं सोपं.

शेजारच्या कोमिनो बेटावरचं ब्लू लगून फोटोत सुंदर दिसतं आणि आहेही, पण गर्दीमुळे २०२५ पासून तिथे उतरायला वेळ आधी आरक्षित करावी लागते. सकाळी लवकरची घ्या.

अबोली
गोझोकर, किती छान लिहिलंय! वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी_काका
जहाजावर आयुष्य गेलं, डायव्हिंगमधलं मला कळत नाही. वाऱ्याबद्दल मात्र सांगतो, कारण हौशी प्रवासी पाण्याचं तापमान विचारतात आणि वारा विचारायला विसरतात.

भूमध्य समुद्र नकाशात तळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला तळं समजू नये. फ्रान्सकडून मिस्ट्रल सुटतो, एजियन समुद्रात उन्हाळाभर उत्तरेचा मेल्टेमी वाहतो, आफ्रिकेकडून सिरोको येतो, माल्टाला ईशान्येचा ग्रेगाले झोडपतो. वारा ज्या किनाऱ्यावर आदळतो तिथे लाटा आणि गढूळपणा, आणि बेटाच्या पाठीमागे पाणी आरशासारखं. म्हणून बेट लहान असावं आणि गाडी हाताशी असावी. गोझोत उत्तर किनारा उसळला तर अर्ध्या तासात दक्षिण किनाऱ्याला जाता येतं. एका सरळ किनारपट्टीवर मुक्काम केला आणि वारा समोरून आला तर तीन-तीन दिवस काठावर बसायची वेळ येते. सूनबाई, तुमचे दिवस मोजके आहेत, मी तरी बेटच निवडेन.

भरती-ओहोटीची चिंता नको. जिब्राल्टरचं तोंड अरुंद असल्याने बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं. कोकणातल्यासारखं वेळापत्रक सांभाळावं लागत नाही.

निळाई
काका, हा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार.

मेरोप्रेमी
बार्सिलोनाहून. भटकभवानींच्या 'मासे नाहीत'ला माझा विरोध आहे. मासे नाहीत ते जिथे शतकानुशतकं जाळी टाकली गेली तिथे. जिथे मासेमारी थांबवली तिथे या बघायला! कोस्टा ब्रावावरच्या लेस्तार्तीत गावासमोर मेडेस बेटं आहेत, १९८३ पासून तिथे मासेमारीला बंदी. आज तिथे मेरो, म्हणजे भूमध्य समुद्रातला मोठा ग्रूपर, माणसाला न भिता जवळून जातो. चांगला हात-दीड हात लांब, काही त्याहून मोठे. हा मासा मादी म्हणून वाढतो आणि मोठेपणी त्यातले काही नर होतात. नेमके मोठेच मासे मारले की नर संपतात, पुढची वीण थांबते. बंदीने काय होतं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मेडेसला पर्याय नाही. बराकुडांचे थवे आणि पंखासारख्या तांबड्या गॉर्गोनियनांनी (प्रवाळांच्या जातकुळीतले जीव) भरलेल्या भिंतीही आहेत. डायव्हर्सची रोजची संख्या ठरलेली असते, तेव्हा जागा आधी सांगून ठेवायची.

भटकभवानी
@मेरोप्रेमी, मान्य. 'संरक्षित क्षेत्राबाहेर मासे कमी' असं वाचावं. पण मेडेसला खालचं पाणी गार असतं की नाही, ते खरं सांगा.

मेरोप्रेमी
असतं. सप्टेंबरात वर २२-२३ अंश, आणि वीस मीटरच्या खाली थर्मोक्लाइन, म्हणजे तापमान एकदम घसरतं तो थर, लागला की अचानक १६-१७. कपाळावर बर्फ ठेवल्यासारखं वाटतं. ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट आणि डोक्याला हूड घ्या.

गोझोकर
इथे त्या दिवसांत वर २५-२६ असतं, वीस मीटरपर्यंत फारसा फरक नाही. ५ मिलिमीटरचा सूट पुरतो. लेकीला मात्र स्नॉर्कलिंगलासुद्धा सूट घालाच, मुलं लवकर गारठतात.

आणि इथलं पाणी महासागरापेक्षा खारट आहे, हजारी ३८ च्या आसपास, महासागरात ३५. शरीर जास्त तरंगतं, त्यात जाड सूट. त्यामुळे अंदमानात लागलं त्यापेक्षा कमरेला शिसं जास्त लागेल. पहिल्या डायव्हला उथळ पाण्यात वजन तपासून घ्या असं नवऱ्याला सांगा.

जुनीविटी
नेपल्सचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. बाया नावाची जागा! नेपल्सजवळ पोत्सुओलीच्या आखातात रोमन श्रीमंतांचं विहारनगर होतं, ते आज समुद्राखाली आहे. भूकंपाने एका रात्रीत बुडालं नाही. तिथे जमिनीखालच्या ज्वालामुखीच्या हालचालींमुळे अख्खा परिसर शतकानुशतकं हळूहळू खाली-वर होतो. पोत्सुओलीच्या जुन्या बाजारपेठेचे संगमरवरी खांब जमिनीवर उभे आहेत आणि त्यांच्यावर माणसाच्या डोक्याहून खूप वर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. खांब एकदा पाण्यात गेले आणि पुन्हा वर आले, त्याचा हा पुरावा.

बायाचं वैशिष्ट्य म्हणजे खोली जेमतेम चार-पाच मीटर. मार्गदर्शक हाताने वाळू बाजूला करतो आणि खाली काळी-पांढरी मोझेक फरशी उघडी पडते. बघून झाली की वाळू पुन्हा वर ढकलून ठेवायची, तीच तिचं रक्षण करते. सम्राट क्लॉडियसच्या भोजनदालनातले पुतळे जागेवर आहेत, ते प्रतिकृती; मूळ पुतळे शेजारच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात. नवरा, तू, लेक तिघंही एकच गोष्ट बघू शकता, आणि सासूबाईंसाठी काचेच्या तळाची बोट असते. फक्त परवानाधारक केंद्राबरोबरच पाण्यात उतरता येतं. पाणी माल्टाइतकं नितळ नसतं, आणि पाऊस झाला की आणखी गढूळ.

मी इतिहास शिकवते. एवढा खोलवर परिणाम माझ्यावर कुठल्याही संग्रहालयाने केलेला नाही.

शंकासुर
सासूबाईंचा कार्यक्रम खरंच सगळ्यात भरगच्च झालाय.

भटकभवानी
जुनीविटी, बाया माझंही आवडतं. एवढंच जोडते की गेल्या काही वर्षांत तिथली जमीन वर येतेय आणि भूकंपाचे धक्केही वाढलेत. बुकिंग करताना स्थानिक बातम्या बघून घ्याव्यात.

अबोली
ग्रीसबद्दल. आम्ही अलोनिसोसला गेलो होतो. शेजारच्या पेरिस्तेरा बेटालगत इ.स.पू. पाचव्या शतकातलं जहाज आहे, दारूच्या हजारो मातीच्या कुंभांनी भरलेलं. लाकूड केव्हाच कुजलंय, पण कुंभांचा ढीग जहाजाच्याच आकारात पडून आहे. २०२० पासून ते पाण्याखालचं संग्रहालय म्हणून सामान्य डायव्हर्सना खुलं झालं. पण खोली वीस मीटरहून जास्त, म्हणजे फक्त ओपन वॉटर असलेल्यांना नाही. माझे यजमान खाली गेले, मी वर बोटीत.

ग्रीसमध्ये पुरातन वस्तूंचा कायदा फार कडक आहे. पूर्वी मनोरंजनासाठीचं डायव्हिंग मोजक्याच जागी करता यायचं, २००५ च्या कायद्याने बराच समुद्र खुला झाला. मातीच्या भांड्याचा लहानसा तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही, लेकीला हे नीट समजावून ठेवा.

आणि झाकिन्थोस बेट! तिथे लॉगरहेड कासवं अंडी घालतात, राष्ट्रीय सागरी उद्यान आहे. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील तर तुम्हाला तिथे घरच्यासारखं वाटेल. कृपा करून कासवांना घेरणाऱ्या बोटीत बसू नका. अंतर ठेवणारा नावाडी शोधा, मिळतात तसे.

भटकभवानी
अबोली, सुंदर! पण ग्रीसमध्ये ही एक जागा एजियन समुद्रात, दुसरी आयोनियन समुद्रात. दहा दिवसांत दोन्ही केल्या तर निम्मे दिवस विमानतळ आणि फेरीत जातील. आणि सारखं उडत राहिलं तर डायव्हिंग करायचं कधी?

डॉ_शिंपला
भटकभवानींनी उडण्याचा विषय काढलाच आहे म्हणून लिहितो. पेशाने डॉक्टर आणि आवडीने डायव्हर.

एकापेक्षा जास्त डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, पूर्ण दिवस ठेवला तर उत्तम. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे धरू शकतो. शेवटचा दिवस कोरडा ठेवा.

लेकीचं वय ११. दहाव्या वर्षापासून ज्युनियर ओपन वॉटर करता येतं, १०-११ वयाला १२ मीटरची मर्यादा आणि सोबत प्रशिक्षक किंवा प्रमाणपत्र असलेले पालक. माझ्या मते या सहलीत पूर्ण कोर्स नको, प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात ओळख करून देणारा एक डायव्ह पुरे. सर्दी असेल तर तोही नाही. कान मोकळा होत नसताना खाली नेणं म्हणजे पडद्याला इजा.

नवऱ्याचं वय लिहिलेलं नाही. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब, दमा, हृदयाची काही तक्रार असेल तर भारतातूनच तपासणी करून डॉक्टरांचं पत्र न्या. तिथे आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं की पत्राशिवाय पाण्यात सोडत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. माल्टात मातेर देई रुग्णालयात हायपरबारिक (दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देऊन करायच्या) उपचारांची सोय आहे, ही मोठी जमेची बाजू.

विमा नीट वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण त्या पॉलिसीत स्कूबा बहुतेक वेळा वगळलेला असतो. डायव्हर्ससाठी डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा वेगळा विमा मिळतो, तो घ्याच.

शंकासुर
डॉक्टर, एक गंभीर प्रश्न. मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणतात. मिशी आणि समुद्र यांत निवड करायची वेळ आली तर?

डॉ_शिंपला
नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी भादरली तरी पुरतं. तेवढंही जड जात असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. समुद्र सोडू नका!

शंकासुर
भावना पोचल्या. पट्टीवर तडजोड.

सुगरण_सई
शाकाहाराचं: माल्टात पास्तीत्सी नावाचे खुसखुशीत पापुद्र्यांचे प्रकार गल्लोगल्ली मिळतात, रिकोटा चीजचे किंवा मटारचे. अंडं आहे का ते विचारून घ्या. कापुनाता ही वांगी-टोमॅटोची भाजी सासूबाईंना नक्की आवडेल. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. मेतकूट, भाजणी, पोह्यांचा चिवडा न्या, पण साजूक तूप, पेढे, दूध पावडर मुळीच नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पासपोर्टवाला
व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे-जूनच्या गर्दीआधी तारीख घ्या. सर्वाधिक रात्री ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा दुबईमार्गे जाता येतं.

अबोली
जेलीफिशचं कुणी बोललं नाही. जांभळट रंगाची, रात्री चमकणारी पेलाजिया चांगलीच चावते. चावली तर चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. लांब बाह्यांचा स्विमसूट असला की अर्धी काळजी मिटते.

मेरोप्रेमी
आणि किनाऱ्यावर तपकिरी वाळक्या पानांचे ढीग दिसले तर घाण म्हणून नाक मुरडू नका. ती पोसिडोनियाची पानं. ती शेवाळ नाही, फुलं-फळं येणारी वनस्पती आहे. तिच्या कुरणांत माशांची पिल्लं वाढतात आणि ते ढीग वाळू वाहून जाऊ देत नाहीत. बोटवाला कुरणावर नांगर टाकताना दिसला तर त्याला टोका, मी दर वेळी टोकते.

निळाई
सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री हा धागा घरात मोठ्याने वाचला. सासूबाईंनी गगांतियाचं ऐकलं आणि विषय तिथेच संपला.

तर ठरलं ते असं. मुक्काम एकच, गोझोत श्लेंदीला, स्वयंपाकघर असलेलं घर आणि भाड्याची गाडी. नवरा पहिले दोन दिवस अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करेल, म्हणजे ३० मीटरपर्यंत जाता येईल; मग ब्लू होल. लेकीचा एक डायव्ह वारा बघून, आणि त्याआधी मे महिन्यात तारकर्ली. शेवटचा कोरडा दिवस व्हॅलेटा शहरात. बाया पुढच्या खेपेला, जुनीविटी, तुमच्या मार्गदर्शनाने.

एक प्रश्न उरला: मला उणे चार नंबर आहे. चष्म्याशिवाय पाण्यात काय दिसणार?

गोझोकर
उत्तम बेत. अ‍ॅडव्हान्स्ड झाल्यावर मुख्य बेटाजवळ बुडवलेलं उम एल फारूद हे जहाज नवऱ्यासाठी ठेवा. १९९५ साली दुरुस्तीच्या गोदीत या टँकरवर स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. १९९८ मध्ये ते झुरिएकजवळ मुद्दाम बुडवलं. तळ ३५ मीटरच्या आसपास, पण वरचे भाग बरेच उथळ आहेत. त्या कामगारांच्या स्मरणार्थ जहाजावर फलक आहे, त्यापाशी जरा थांबावं.

नंबरचा मास्क मिळतो. दोन्ही डोळ्यांची भिंगं वेगवेगळी बसवता येतात, पण इथे येऊन शोधू नका. मुंबई-पुण्यातच घ्या आणि तारकर्लीला वापरून बघा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा, मास्क चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा.

मालवणी_तडका
मे महिन्यात मालवणाक येतलास तेव्हा आधी कळवा. सासूबाईंसाठी सोलकढी आणि घावणे आमच्या घरी.